विनाथांबा पार्सल

"म्हण. पुरी ऑर्डर म्हण. विनाथांबा."

करोनाच्या दिवसांत दर रविवारी सकाळी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून हे वाक्य आलं, की आमच्या घरात सगळ्यांना कळायचं, आज हॉटेलचं जेवण. शेजारचे मेश्राम काकाजी ओट्यावर खुर्ची टाकून शालिकभाऊंना फोन लावायचे. शालिकभाऊंचं भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळ छोटं भोजनालय आहे. तेव्हा तिथली टेबलं उलटी करून ठेवली होती आणि फक्त पार्सल चालू होतं. ऑर्डर देण्यात काही विशेष नव्हतं, ती अर्धं गाव देत होतं. विशेष त्यानंतर सुरू व्हायचं. काकाजींनी दिलेली ऑर्डर शालिकभाऊंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात, मध्ये श्वास न घेता, परत म्हणून दाखवायची. श्वास घेतला की काकाजी म्हणायचे, "थांबा झाला. पुन्हा म्हण."

फोन स्पीकरवर असायचा, कारण काकाजींच्या मते फोन कानाला लावला की जगभरचे जंतू कानात शिरतात. त्यामुळे शालिकभाऊंचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

"पाटवडी रस्सा दोन, आलू-वांगे एक, कढी एक, भात दोन, पोळ्या दहा, ठेचा वेगळा, कांदा कापाचा नाही, पिशवीले गाठ नाही, झाकणाले रबर नाही, कोमल पार्सल भिंतीवर ठेवते, हात लावत नाही, बोलत नाही, झालं काकाजी, आता जीव घेता काय!"

"शेवटचं ऑर्डरमधे नव्हतं," काकाजी म्हणायचे. "पण चालते. सोड गाडी."

काकाजी एस.टी.तले निवृत्त वाहतूक नियंत्रक. भंडाऱ्याच्या स्टँडवर ज्यानं कधी उन्हातान्हात गाडीची वाट पाहिली असेल, त्यानं हा आवाज ऐकलाच असेल. नोकरी संपली, आवाज संपला नाही. एरवी ते आमच्यासारखंच बोलतात, 'मले', 'तुले', 'काहून'. पण काही जाहीर करायचं झालं की एकदम छापील मराठीत शिरतात. पाहुणे उठले की "प्रवाशांनी आपले सामान तपासून घ्यावे." नळ आला की "पाण्याची गाडी फलाटावर लागत आहे." दारात रेंगाळणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "निघालो म्हटलं ना? मग निघा. सुटलेली गाडी फलाटावर उभी राहत नाही." त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मी एकदा विचारलं होतं, की घरात या सगळ्याचा त्रास होत नाही का? काकू तांदूळ निवडत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी चौकशीच्या खिडकीसमोर उभी आहो बाई. अजून उत्तर नाही भेटलं."

आता माझ्याबद्दल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. स्वयंपाक मला येतो, पण आवडत नाही, हे मी माहेरी सांगितलं, सासरी सांगितलं आणि आता इथंही सांगून टाकते. टाळेबंदीत शाळा बंद, नवरा घरी, मुलगी घरी, आणि तिघांनाही दर दोन तासांनी भूक. तेव्हा काकाजींच्या रविवारच्या पार्सलला मी आमचं पार्सल जोडून घेतलं. जेवण आयतं मिळालं, पण त्याबरोबर काकाजींचे नियमही आयते मिळाले.

पार्सल घेऊन यायची कोमल, शालिकभाऊंची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी. स्कूटी फाटकाबाहेर उभी करायची, पिशवी भिंतीवर ठेवायची आणि मागे सरकायचं. भिंत म्हणजे फलाट क्रमांक एक. मग काकाजी ओट्यावरून घोषणा करायचे, "शालिकच्या हॉटेलातून येणारे पार्सल फलाट क्रमांक एकवर आले आहे. प्रवाशांनी गर्दी करू नये." गर्दी म्हणजे मी आणि काकू.

त्यानंतर पार्सल उन्हात थांबायचं. उन्हानं विषाणू मरतो यावर काकाजींचा ठाम विश्वास. भंडाऱ्याच्या उन्हात माणूस मरतो, विषाणूची काय कथा, असं मीही म्हणत असे. मग ते सांडशीनं पिशवी उघडत, सांडशीनंच डबे धरत, डब्यातला रस्सा घरच्या भांड्यात वरून ओतत, आणि रिकामा डबा पायानं ढकलत कचऱ्याच्या बादलीपर्यंत नेत. मग ते जेवण पुन्हा चुलीवर चढायचं आणि रटरट उकळायचं. शालिकभाऊंची पाटवडी हे सगळं सोसून ताटात यायची तेव्हा तिच्या वड्या राहिलेल्या नसायच्या, नुसता रस्साच असायचा.

आणि हात धुणं. हात किती वेळ धुवायचे यावर टीव्हीवाले काहीही सांगोत, काकाजींचं माप वेगळं होतं. साबण लावला की दिघोरीची गाडी सोडायची. "भंडारा, गडेगाव, लाखनी, पालांदूर, दिघोरी." दिघोरी हे लाखांदूर तालुक्यातलं त्यांचं गाव. प्रत्येक थांब्यावर एकेक बोट चोळायचं, गाडी दिघोरीला पोचली की नळ सोडायचा. एकदा मी घाईत हात धुऊन पिशवीला हात घालत होते, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "मॅडम, तुम्ही लाखनीलेच उतरल्या!" मी निमूट परत साबण लावला. चौथीच्या वर्गाला धाकात ठेवणारी बाई मी, पण काकाजींपुढे मुकाट दिघोरीपर्यंत जाऊन यायचे.

शालिकभाऊ आणि काकाजी यांचं भांडण तर रोजचंच. ते आजचं नव्हे, काकाजी नोकरीत होते तेव्हापासूनचं. शालिकभाऊंच्या चहाला चव नाही हे काकाजी रोज तिथंच चहा पिऊन सांगायचे. टाळेबंदीत भांडण फोनवर आलं. "काकाजी, माह्या हॉटेलात रस्सा भेटते, रेल्वेचं टाइमटेबल नाही," शालिकभाऊ एकदा वैतागून म्हणाले. रेल्वेचं नाव काढताच काकाजी असे तापले की त्या दिवशी ऑर्डर राहूनच गेली आणि मला पिठलं करावं लागलं. तो राग मी शालिकभाऊंवर अजून धरून आहे.

त्यातच काकाजींनी कुठंतरी वाचलं, की पितळेवर हा विषाणू फार वेळ टिकत नाही. झालं! भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, इथल्या माणसाला पितळेचं कौतुक निराळं सांगावं लागत नाही. काकूंच्या माळ्यावर त्यांच्या आईनं लग्नात दिलेला मोठा पितळी गंज, म्हणजे पातेलं, होता. काकाजींनी तो खाली काढला, चिंचेनं लखलखीत घासला आणि भिंतीवर ठेवून जाहीर केलं, की यापुढे हॉटेलचं जेवण थेट गंजात उतरेल.

"त्याले कल्हई नाही," काकू म्हणाल्या. "आंबट ठेवू नका त्याच्यात."

"अन् कल्हई लावली म्हणजे पितळ झाकलं जाते ना? मंग विषाणू मरंल कायनं?"

त्या रविवारी कढी गंजात गेली, गंज उन्हात गेला आणि काकाजी अंघोळीला गेले. परत येईपर्यंत कढीनं रंग बदलला होता.

"हिरवी झाली कढी," काकू म्हणाल्या.

"सांभार आहे तो." सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

"शालिकभाऊनं सांभार टाकला नव्हता. कळकली ते. फेका."

काकाजींनी फेकली नाही. अन्न फेकायचं नाही, शिवाय विषाणू मेलेला आहे, मग भ्यायचं कशाला, असं म्हणून ती त्यांनी भाताबरोबर ओरपली. दुपारी त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या, संध्याकाळपर्यंत पोटही बिघडलं. काकाजींनी स्वतःला बाहेरच्या खोलीत कोंडून घेतलं आणि खिडकीतून घोषणा केली, "तांत्रिक अडचणीमुळे फलाट क्रमांक एक बंद ठेवण्यात येत आहे." गल्लीत बोभाटा झाला. दूधवाला दूध नाक्यावर ठेवून पळू लागला. काकाजींच्या नाकात काडी घालून झाली, तिचा अहवाल चांगला आला, आणि काकूंनी तो न बघताच चुलीत घातला. "मी तं पहिलेच सांगितलं, कळकलेली कढी आहे." गंज पुन्हा माळ्यावर गेला.

मग दुसरी लाट आली. तिच्याबद्दल मला गमतीनं लिहिता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना माणसं गेली. बोटाला लावून प्राणवायू बघायचं यंत्र औषधाच्या दुकानात मिळेनासं झालं. आम्हा शिक्षकांना घरोघरी तपासणीला पाठवत, त्यामुळे एक यंत्र माझ्या पर्समध्ये कायम असे, आणि रात्री झोपण्यापूर्वी मी ते मुलीच्या बोटाला लावून बघत असे.

अशा दिवसांत काकाजींनी हॉटेलच्या ऑर्डरी वाढवल्या. रविवारची ऑर्डर आधी एक दिवसाआड झाली, मग रोजची झाली. आणि काय लांब ऑर्डर! पापड भाजलेला एक, तळलेला एक, मिरची उभी चिरलेली, लिंबू अर्धं, त्यातल्या बिया काढून. काकूंचा फ्रिज भरला, मग आमचा भरला. आम्ही कढी खाऊन खाऊन कंटाळलो. माझ्या तोंडून हे वाक्य निघेल असं मला वाटलं नव्हतं, पण मी नवऱ्याला म्हणाले, "त्यापेक्षा मी करते काहीतरी." म्हातारपणी काकाजींची जीभ चाळवली आहे, असं माझं मत झालं. काकूंचं मत विचारलं तर त्या म्हणाल्या, "खात कुठं आहेत? मागवून राहिले नुसते."

त्या सकाळी मी भांडी घासत होते. पलीकडे नेहमीची ऑर्डर सुरू झाली.

"म्हण. विनाथांबा."

"पाटवडी रस्सा दोन, आलू-वांगे एक," शालिकभाऊ म्हणाले, आणि थांबले. "कढी एक."

"थांबा झाला. पुन्हा म्हण."

"पाटवडी रस्सा दोन..." यावेळी आधीच थांबले.

"काहून थांबला बे शालक्या?"

"कढईजवळ उभा आहो काकाजी. धूर लागून राहिला."

"कढईपासून दूर हो. रस्त्यावर ये. अन् म्हण."

मला हसू येत होतं. एवढ्यात तिसऱ्यांदा आवाज आला. "पाटवडी..." आणि मग नुसता श्वास. मग "रस्सा." मग पुन्हा श्वास.

फोन बंद झाला. ऑर्डर पक्की न करता काकाजींनी फोन ठेवल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. भांडं हातात तसंच धरून बाहेर आले, तर काकाजी भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम, ते बोटाले लावाचं यंत्र आहे ना तुमच्याजवळ? गाडी काढा."

वर्षभर हा माणूस फाटकाबाहेर पडला नव्हता. पिशवीला सांडशीशिवाय हात लावत नव्हता. तो त्या दिवशी तोंडावर दोन-दोन मास्क चढवून माझ्या स्कूटीवर मागे बसला आणि माझा खांदा घट्ट धरून म्हणाला, "चाला. रस्त्यात कुठं थांबू नका."

हॉटेलात पोचलो तर शालिकभाऊ कढईजवळ नव्हतेच. गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसले होते आणि कोमल त्यांना पाणी देत होती. आम्हाला बघून ते उठायला लागले. "मले काही नाही झालं... थोडी... थकान आहे." काकाजींनी त्यांचा हात धरला, स्वतःच्या उघड्या हातानं, आणि बोट माझ्यापुढे केलं. मी यंत्र लावलं. आकडा बघून मी तो काकाजींनाही सांगितला नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून कोमल रडायला लागली.

ॲम्ब्युलन्सचा नंबर लागेना. ऑटोवाले मास्क लावलेला घामाघूम माणूस बघून पुढे निघून जात. तेव्हा काकाजी भर रस्त्यात मधोमध उभे राहिले, मास्क खाली ओढला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जायचा तो आवाज काढला, "ऑटो थांबवा!" एक ऑटो थांबला. मला वाटतं, भीतीनं नाही, सवयीनं थांबला. शालिकभाऊंना आत बसवलं. कोमलला काकाजींनी बसू दिलं नाही. "तू तरणी आहे, तू हॉटेल बंद कर अन् घरी जा, तुह्या मायले सांभाळ," म्हणाले, आणि स्वतः शालिकभाऊंना टेकून आत बसले. मी स्कूटीवर मागोमाग गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात खूप वेळ बसलो तेव्हा खाट मिळाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. अजून एक दिवस थांबले असते तर सांगता आलं नसतं.

घरी आलो तर काकू फाटकात उभ्या. नवऱ्याला आत घेण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता. बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलेलं, दारात साबण. "पहिले हात धुवा. दिघोरीपर्यंत." पुढचे काही दिवस काकूंनी त्यांचं ताट भिंतीवर ठेवलं, सांडशीनं पुढे सरकवलं आणि त्यांच्याच सुरात म्हटलं, "फलाट क्रमांक एकवर वरण-भात आला आहे. प्रवाशांनी बोलू नये, जेवावं." काकाजी मुकाट जेवत. सुदैवानं त्यांना काही झालं नाही.

एका दुपारी ते असेच खिडकीशी बसले होते. मी भिंतीशी होते. मी विचारलं, "काकाजी, तुम्हाला कसं कळलं?"

काकाजींचे मोठे भाऊ दिघोरीला पहिल्या लाटेत गेले, हे मला माहीत होतं. कसे गेले ते काकाजी कधी बोलले नव्हते.

"दादाले मी रोज फोन करून राहिलो होतो," ते म्हणाले. "रोज म्हणे, मी ठीक आहो. पण तुकड्या तुकड्यानं म्हणे. मी... मंग ठीक... मंग आहो. मी म्हणो, दादा, घरात रेंज नाही तुले, आंगणात येऊन बोल. तो बिचारा उठून आंगणात ये. तिथून तं अजूनच तुकडे. मी म्हणो, अजून थोडा पुढं जा, सडकेवर जा." काकाजींनी खिडकीचा गज धरला होता. "सडकेपर्यंत गेला तो मॅडम. मले ऐकू यावं म्हणून. आयुष्यभर माणसं बोलतात ते ऐकलं मी, अन् मले वाटलं, रेंज नाही."

भिंत ओलांडून त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं, पण ते दिवस तसे नव्हते.

"तवापासून ज्याले फोन केला त्याले एका दमात म्हणायले लावतो," ते म्हणाले. "पोरगी गोंदियाले आहे, तिले गोंदिया ते भंडारा सगळे थांबे म्हणायले लावतो. शालक्याले ऑर्डर. तो दिवसभर दहा माणसाईत उभा राहते, त्याले कोण विचारते, दम लागते का म्हणून? अन् विचारलं तं सांगंल थोडी? ठीक आहो म्हणंल. सगळे ठीकच असतात फोनवर."

आमच्या फ्रिजमध्ये शालिकभाऊंच्या आधीच्या पार्सलातली कढी अजून होती. रात्री मी ती गरम केली आणि सगळ्यांना वाढली, कुणी कुरकुर केली नाही.

शालिकभाऊ पुष्कळ दिवसांनी घरी आले. अर्धे होऊन आले. त्यानंतरही कितीतरी दिवस हॉटेल कोमलनंच चालवलं आणि शालिकभाऊ गल्ल्यावर नुसते बसून राहत. काकाजींनी या काळात ऑर्डर दिली नाही. मी रोज स्वयंपाक करत होते आणि खरं सांगते, मला भिंतीपलीकडच्या त्या वाक्यावाचून चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

मग एका रविवारी पलीकडे खुर्ची सरकली. फोन लागल्याचा आवाज आला. मी कणीक मळत होते, तशाच हातानं दारात आले. काकूही त्यांच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"शालिक, मी बोलून राहिलो." काकाजींनी जुनीच ऑर्डर सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग शालिकभाऊ म्हणाले, "काकाजी, आता... ते विनाथांबा नाही होत माह्याच्यानं."

"विनाथांबा कोण म्हणते बे? साधी गाडी लाव. सगळे थांबे घे. कोणी हात दाखवला तं तिथंही थांब. मले कुठं जायचं नाही."

"पाटवडी रस्सा... दोन."

"हं."

"आलू-वांगे... एक."

"हं."

गॅसवर माझा कुकर शिट्टीला आला होता. मी धावत जाऊन तो बंद केला आणि परत दारात येऊन उभी राहिले. कढी आली, भात आला, पोळ्या आल्या, ठेचा वेगळा आला. प्रत्येक थांब्यावर काकाजी "हं" म्हणत होते आणि मध्ये जितका वेळ लागेल तितका वेळ वाट बघत होते. काकूंनी पदर डोळ्यांना लावला होता.

"पिशवीले गाठ नाही... झालं काकाजी."

"बरोबर आहे," काकाजी म्हणाले. "शालिक, घाई नसंल तं अजून एक डाव म्हण."